येथे गाईड मिळेल

माझ्या वडिलांनी जन्मभर दोन गोष्टी घरात येऊ दिल्या नाहीत. एक मासे आणि दुसरं गाईड.

माशांचं कारण सरळ होतं. आजोबा गोदावरीवर यात्रेकरूंचे विधी सांगणारे. आमच्या घराण्याचा माशांशी संबंध काय तो घाटापुरता. उरलेल्या पिठाच्या गोळ्या पाण्यात टाकायच्या आणि त्या खायला आलेले मासे लहान मुलांना दाखवायचे. बाबांनी भिक्षुकी सोडली, गणिताचे शिक्षक झाले, गंगापूर रोडला घर बांधलं, पण स्वयंपाकघर आजोबांच्याच वळणावर राहिलं.

गाईडचं कारण मात्र त्यांचं स्वतःचं होतं. तयार उत्तरांचं ते पुस्तक म्हणजे त्यांच्या लेखी चोरीचा माल. दहावीला मी मैत्रिणीकडून एक आणून उशीखाली ठेवलं होतं. ते सापडल्यावर बाबा ओरडले नाहीत. त्यांनी ते वर्तमानपत्रात नीट गुंडाळून मला परत देऊन यायला लावलं आणि मग संध्याकाळभर माझ्याजवळ बसून एकच गणित निरनिराळ्या रीतींनी सोडवून घेतलं. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

"हातचा विसरलीस," हे त्यांचं लाडकं वाक्य. बेरीज करताना हातचा एक डोक्यात धरून ठेवायचा आणि पुढच्या घरात मिळवायला विसरायचं नाही, एवढं ज्याला जमलं त्याचं पुढचं सगळं जमतं, असं ते म्हणत. मी भाजी आणायला गेले आणि कोथिंबीर राहिली, तरी तेच. "हातचा विसरलीस."

ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा आईबाबांजवळच राहून नोकरी करत होते. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन ते चालायला लागले. उजवा हात कसाबसा कामाला आला. पण शब्द गेले. गेले म्हणजे नाहीसे झाले नाहीत, त्यांनी जागा बदलल्या. मनात छत्री असायची आणि तोंडातून यायची 'त्रिज्या'. चहाला ते 'समीकरण' म्हणत. घरातले शब्द सगळे उडून गेले होते आणि वर्गातले तेवढे मागे राहिले होते. आपलं बोललेलं त्यांना सगळं कळायचं. आपण चुकलो हेही कळायचं, आणि वाईट होतं ते हेच. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाईने फुल्या मारलेला माणूस, त्याला आता स्वतःच्या प्रत्येक वाक्यावर फुली दिसायची.

वाचा सुधारावी म्हणून दवाखान्यातून चित्रांचे पत्ते दिले होते. आई रोज सकाळी आंघोळ, पूजा उरकली की ते घेऊन बसायची. "हे काय आहे? कप. म्हणा, कप." बाबा घामाघूम व्हायचे. आईला वाटायचं, आपण नेटानं करतोय. तीही दमायची बिचारी.

अशात एकदा मावशी आली होती. सगळे बाहेर बसलो होतो. बाबांना पाणी हवं होतं. त्यांनी आईकडे बघितलं, तोंड उघडलं आणि म्हणाले, "शून्य."

मावशी फस्सकन हसली. "घ्या! एवढ्या वर्षांच्या संसाराचा निकाल लागला गं तुझ्या!"

चेष्टाच होती. मावशीला चेष्टेशिवाय बोलता येत नाही. आईही हसली, पाणी आणून दिलं, आणि आत गेली ती मावशी निघेपर्यंत बाहेर आलीच नाही. आई फार शिकलेली नव्हती. घरात काही हिशेबाची गोष्ट निघाली की "तुला काय कळतंय त्यातलं," हे बाबा तिला सहज म्हणत, त्यात रागही नसायचा. तिनं ते आयुष्यभर हसून घेतलं होतं. त्या दिवशी मात्र ते कुठंतरी जाऊन बसलं. बाबांनी तिचा चेहरा बघितला. दुसऱ्या दिवशी ती पत्ते घेऊन बसली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर त्यांनी बोलणंच सोडलं.

डॉक्टर म्हणाले, "बोलतं करा त्यांना. चुकीचं का होईना, बोलू दे. बोलणंच थांबलं तर जे शिल्लक आहे तेही जाईल." सांगायला काय जातंय! घरात तीन माणसं आणि रेडिओ, त्यांतला फक्त रेडिओ बोलायचा. आई पोळी वाढायची, बाबा खायचे. मला इतका संताप यायचा, की कुणावर काढावा ते कळायचं नाही, म्हणून मी भांडी आपटायची.

रविवारी मी बाबांना माझ्या सेकंडहँड गाडीत घालून फिरायला न्यायची. गंगापूर रोडनं सरळ बाहेर पडायचं, धरणाकडे जायचं, लांबून पाणी बघायचं आणि परत यायचं. एका रविवारी धरणाच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर पत्र्याची नवी पाटी लागलेली दिसली. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'येथे गाईड मिळेल'. अगदी पुस्तकांच्या दुकानाबाहेर शाळा सुरू होताना लागते तश्शी. कोपऱ्यात एक मासा होता, आणि रंगाऱ्यानं हौसेनं त्याला भुवया काढल्या होत्या.

माझ्या शेजारून काहीतरी आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. बघते तर बाबा हसत होते. किती महिन्यांनी! काठीनं पाटीकडे दाखवत होते, माझ्याकडे बघत होते आणि हसत होते. मी गाडी तिथंच उभी केली. मागचा टेम्पोवाला काय काय बोलला ते मी ऐकलं नाही.

टपरीच्या बाकावर पन्नाशीचा एक गृहस्थ क्रिकेटची टोपी घालून बसला होता. गाईड तोच. मुंबईकडची हौशी मंडळी गाड्या घेऊन धरणावर मासे धरायला येतात, त्यांना घेऊन बसणं हा त्याचा धंदा. मी काही विचारायच्या आत त्यानं अटी सांगून टाकल्या.

"गळ माझा, चारा माझा, चहा माझा, छत्री माझी. बसायला खुर्ची देतो. जागा मी दाखवीन तीच. गॅरंटी नाय. लागला तर नशीब तुमचं, नाय लागला तर पाणी खराब. माझा दोष कुठंच नाय."

बाबांच्या डोळ्यांत मला इतक्या दिवसांनी जुना खट्याळपणा दिसला. असल्या अटींवर नोकरी मिळते हे त्यांना आधी कुणी सांगितलं असतं, तर ते मास्तर झाले नसते.

"आम्ही खात नाही हो," मी म्हटलं.

"मग तर लय झ्याक. मला राहील."

अशा रीतीनं बाबांनी आयुष्यातलं पहिलं गाईड घेतलं. खुर्ची पाण्याकाठी मांडली, गळाची काठी बाबांच्या डाव्या हातात दिली, उजवा हात नुसता टेकवून ठेवायला सांगितला. दोऱ्याला थर्माकोलचा एक तुकडा बांधलेला होता, तो पाण्यावर तरंगत होता. तो बुडाला की ओढायचं, एवढंच शिक्षण. मग गाईडनं टोपी सारखी केली आणि एकदम गंभीर झाला.

"आणि एक. पाण्यावर त्याचं नाव घ्यायचं नाय."

"कुणाचं?"

"त्याचंच." त्यानं हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं. "नाव घेतलं की जातो. आमच्यात पाव्हणा म्हणतात. तुम्ही कायपण म्हणा. पण खरं नाव नको."

मला ती मासा न लागण्याची आगाऊ तरतूद वाटली. पण बाबांनी मान वर केली आणि त्या माणसाकडे टक लावून बघितलं. बरोबर शब्द जिथं चालतच नाही, अशी एक जागा निघाली होती, आणि ती आमच्या घरापासून फार लांबही नव्हती.

बराच वेळ काही झालं नाही. मग तो तुकडा गपकन बुडाला. बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि ओरडले, "बेरीज! बेरीज!"

"बेरीज तर बेरीज! वढा सर, वढा!"

बेरीज निसटली. दोरा मोकळाच वर आला. गाईड कपाळाला हात लावून हळहळला आणि ती बेरीज केवढी होती ते त्यानं दोन्ही हात पसरून दाखवलं. बाबांनी मान हलवून ते माप निम्म्यावर आणलं. मी सांगणार होते, की अहो, ते आजारी आहेत, त्यांना शब्द सापडत नाहीत. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. त्या माणसाला वाटत होतं, सरांनी पाव्हण्याला दुसरं नाव काढलंय. त्याला ते आवडलंही होतं.

मग दर रविवारी आम्ही जायला लागलो. पैसे देऊन नेमलेल्या गाईडकडून माणसानं काय अपेक्षा ठेवावी, हे मला कुणी विचारलं तर मी सांगेन, माशांची ठेवू नये. आमचा गाईड हवामान सांगायचा ते हमखास उलटं निघायचं. "आज थेंब नाय," म्हणाला, की आम्ही भिजून घरी यायचो. गप्प बसा, आवाजानं पाव्हणा पळतो, असं तो सगळ्यांना दटावायचा आणि स्वतः अखंड बोलायचा. मुंबईचे साहेब, बायकोचं माहेर, मेहुण्याची द्राक्षबाग, कधी काळी हातातून सुटलेला अवाढव्य पाव्हणा, आणि तो पाव्हणा दर खेपेला वाढायचा. बाबा ऐकायचे. आणि मधूनमधून, कसे कुणास ठाऊक, बोलायचे. "त्रिज्या," म्हटलं की गाईड छत्री उघडायचा. "समीकरण," म्हटलं की किटलीतला चहा ओतायचा. त्याला त्यात काही नवल वाटत नव्हतं. पाण्यावर खरी नावं घ्यायची नसतात, सर तर कशाचंच घेत नाहीत, म्हणजे माणूस आपल्यापेक्षा पक्का, असा त्याचा समज झाला होता. त्यालाही नाव मिळालं. बाबा त्याला 'हातचा' म्हणायला लागले. तो खूश. मी मनात म्हटलं, त्याला ह्याचा अर्थ कळायची गरज नाही, मला कळतो तेवढा पुरे.

क्वचित एखादी बेरीज लागायचीही. ती हातच्याच्या पिशवीतून त्याच्या घरी जायची. घरी आम्ही त्याबद्दल "पाहुणे मुक्कामाला गेले," एवढंच बोलायचो. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आई येत नव्हती. ती चाऱ्याची कणीक मळून द्यायची. हातच्यानं सांगितलं होतं, घरची कणीक आणा, थोडा हिंग घाला, पाव्हण्याला वास लागतो. "आता माशांचाही स्वयंपाक करायचा का मी?" असं म्हणून आईनं पहिल्यांदा परात आपटली. पण रविवारी सकाळी कणकेचा डबा तयार असायचा, वर ओलं फडकं घातलेलं. आम्ही निघताना ती फाटकापर्यंत यायची. बाबा बोलतात हे मी तिला सांगितलं होतं. "तिकडं बोलतात ना," ती म्हणाली, "बरं झालं." घरात ते अजूनही गप्पच होते. तिच्यासमोर तोंड उघडायची त्यांना भीती वाटायची, आणि पुन्हा तोच शब्द ऐकायला लागेल ह्याची तिला. दोघंही एकमेकांना सांभाळत होते आणि त्यात घर मुकं झालं होतं.

एक दिवस पाण्यावर हातच्यानं मला बाजूला घेतलं. "ताई, तुमच्या आईंचं नाव शून्या हाय का?"

"का हो?" मी विचारलं.

"सर सारखं काढतात ना. आमच्याकडं एक सुनया होती, शून्या काय ऐकलं नाय बा."

"तसंच काहीतरी," मी म्हणाले, आणि पाण्याकडे बघत बसले. घरी हे सांगावं की नाही, मला ठरवता येईना. मग त्यानं निरोप दिला, शून्याबाईंना सांगा, कणीक सैल होतीय, गळावर टिकत नाय. त्यातलं शून्याबाई तेवढं वगळून मी बाकीचं आईला सांगितलं.

आईचे डोळे मोठे झाले. "सैल? माझी कणीक सैल?"

सासूबाईंनीही जिच्या कणकेला नाव ठेवलं नव्हतं, तिच्या कणकेत कुणी धरणावरचा माणूस खोट काढतोय, हे काही तिला सोसवणारं नव्हतं. पुढच्या रविवारी ती चांगली साडी नेसून, डबा मांडीवर घेऊन गाडीत मागे बसली. बाबांनी आरशात तिच्याकडे बघितलं आणि चटकन नजर खिडकीबाहेर नेली. रस्ताभर मला एकच धास्ती होती. तिथं गेल्यावर तो भला माणूस तोंड उघडणार, आणि इतक्या महिन्यांनी उघडलेलं एक दार पुन्हा धाडकन बंद होणार. मी दोनदा गाडी वळवायचा विचार केला.

हातच्यानं बाबांना खुर्चीत बसवलं, मग आईपुढं येऊन टोपी काढली, वाकून नमस्कार केला. "या, या. शून्याबाई म्हणजे तुम्हीच ना?"

आई जागच्या जागी थांबली. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मी काहीतरी बोलायला गेले, पण ह्या माणसापुढं कुणाचं काय चालायचं!

"सर लय आठवण काढतात तुमची. डबा उघडला की शून्य. चहा हातात घेतला की शून्य. परवा तिकडून बगळ्यांचा थवा आला तर मला म्हणतात, शून्य, शून्य. मी म्हटलं, आता बाईंना कुठून दाखवू मी बगळे? आणत जा की सर त्यांना."

आईनं बाबांकडे बघितलं. बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता, वर्गात उत्तर न आलेल्या पोराचा होतो तसा. ते खाली मान घालून पायाशी बघत होते. वाऱ्यानं आईचा पदर उडत होता, तो तिनं खोचला.

"हो," ती म्हणाली. "मीच."

मग दुसरी खुर्ची बाबांच्या शेजारी ओढून ती बसली, डबा उघडला आणि हातच्याला म्हणाली, "कुठं सैल झालीय, दाखवा बघू."

त्यानं गोळा करून गळाला लावून दाखवला. आईनं त्याची मळायची पद्धत चुकते हे सिद्ध केलं. त्यानं ते मान्य केलं नाही. बराच वेळ दोघांचा वाद चालला. बाबा पाण्याकडे बघत होते. ऊन वर आलं, आईच्या तोंडावर पडायला लागलं. बाबा हळूच तिच्याकडे वळले आणि तोंड उघडून थांबले. "शून्य," ते म्हणाले, अगदी हलक्या आवाजात, आणि छत्रीकडे बोट दाखवलं.

"ओ," आई म्हणाली. आणि छत्री दोघांच्यावर धरून बसली.

परत येताना मी आरशात बघितलं तर ती रडत होती. डोळे पुसायचीही तसदी घेत नव्हती. मला म्हणाली, "अगं, लग्न झाल्यापासून मी ह्यांच्यासाठी नुसती 'अगं'. ह्यांनी मला नावानं कधी हाक मारलीय? आणि मी तरी ह्यांचं नाव कधी घेतलं? उखाण्यात घेतलं तेवढंच. माणूस जवळचं असलं की नाव घ्यायचं नसतं, दुसरं काहीतरी म्हणायचं असतं. मला एवढंही कळलं नाही होय?" पुढच्या सीटवरून बाबांनी डावा हात तसाच मागं केला आणि तिनं तो धरला. मी गाडी फारच हळू चालवली.

दुसऱ्या दिवशी आईनं चित्रांचे पत्ते कपाटात ठेवून दिले. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं, बाबांच्या भाषेत. शब्द सुधारले नाहीत. डॉक्टरांना जेवढी आशा होती तेवढं काही झालं नाही, पण माणूस बोलता राहिला, भांडता राहिला. आईला सकाळ-संध्याकाळ हाका यायला लागल्या. फुलवाली फाटकाशी उभी असताना एकदा बाबा आतून ओरडले, "शून्य!" फुलवालीनं चमकून बघितलं. आई रुबाबात म्हणाली, "मला बोलावतायत," आणि आत गेली. मावशी पुढच्या खेपेला चेष्टा करायला गेली, तेव्हा आईनं तिला असं काही सुनावलं, की ती मिटक्या मारत खात असलेला चिवडा खाली ठेवून बसली.

अशी पुष्कळ वर्षं मिळाली आम्हाला. धरणाच्या बाजूला बंगले आणि हॉटेलं आली, द्राक्षाच्या दारूचे कारखाने आले, टपरी गेली, पाटी गेली. हातच्यानं धंदा सोडून मेहुण्याच्या बागेत लक्ष घातलं. बाबा थकत गेले आणि एका सकाळी झोपेतच गेले. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आईला हाक मारून खिडकी लावायला सांगितलं होतं. ती शेवटची हाक, आणि ती अगदी साधी होती.

दिवस चालू असताना हातचा भेटायला आला, टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिला. "हे कोण?" काकांनी विचारलं. "हे हातचे," आई म्हणाली, आणि त्यापुढं तिनं काही सांगितलं नाही.

आता मी तिला आई म्हणते, शेजारी काकू म्हणतात, गल्लीतली पोरं आजी. बाबांनी दिलेलं नाव कुणी घेत नाही. पण वर्षातून दोनचारदा दुपारी फाटक वाजतं. आमच्या दाराला घंटी आहे, ती हातच्याला आजवर दिसलेली नाही. तो भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन उन्हात उभा राहतो आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतो, "शून्याबाई! हायत का घरात?"

आई हातातलं खाली ठेवते, पदर सारखा करते, केसांवरून हात फिरवते. मला म्हणते, "चहा टाक, हातचा आलाय." आणि मग "ओ" देते, बाबांना द्यायची तीच.